प्रधानबाई आणि गव्हाणची प्रत

शेजारी नवीन आलेली माणसं पहिल्या दिवशी विरजण मागतात, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतात, फार तर कामवाली बघून द्या म्हणतात. प्रधानबाईंनी आमच्या मजल्यावर ऑफिस थाटलं त्या दिवशी त्या माझ्या टायपिंगच्या वर्गात आल्या, सगळ्या मशिनांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मास्तर, उद्या हा वर्ग जळला तर परवा काय कराल?"

मी म्हटलं, "रडेन."

"ते संध्याकाळी. सकाळी काय कराल?"

धंदा सुरू करताना माणूस नारळ फोडतो, जळल्यानंतरच्या सकाळचा विचार करत नाही. ही बाई मात्र तोच विचार विकायला पनवेलच्या बाजारात बसली होती, आणि तोही माझ्या शेजारच्या गाळ्यात. आता इथे गिऱ्हाईक कोण येणार, असं मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

बाई ठेंगण्या, गोऱ्या, आवाजानं खणखणीत. मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात भाजीची असावी तशी कापडी पिशवी. मुंबईत एका विमा कंपनीच्या संगणक विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. यजमान उरणच्या तेलाच्या प्रकल्पात लागले म्हणून नोकरी सोडून पनवेलला आल्या. घरात बसणं जमेना. मग छोट्या दुकानदारांचे कॉम्प्युटर सांभाळून देण्याचं काम सुरू केलं. प्रधानसाहेब अबोल गृहस्थ. ते का अबोल आहेत हे बाईंशी दहा मिनिटं बोललं की कळायचं.

कॉम्प्युटर तेव्हा आमच्या बाजारात नुकते आले होते. लोक त्या खोलीत चपला काढून जात. यंत्रावर क्रोशाचं विणलेलं आवरण असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आवरण उचलून दाखवलं जाई. माझ्यासारख्या टायपिंगवाल्याला ते यंत्र म्हणजे सवतच. बाईंना मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या म्हणत, "हे बंद पडणार आहे. फक्त वार सांगत नाही." म्हणून जे काही त्यात आहे त्याची नक्कल हवी, आणि नक्कल नुसती असून भागत नाही. "आहे म्हणू नका, उघडून दाखवा," हे त्यांचं दुसरं वाक्य. त्याचा प्रसाद मेहताशेठना मिळाला.

मेहताशेठ औषधांचे घाऊक व्यापारी. त्यांनी आपल्या फ्लॉप्या लाल रेशमी कापडात बांधून तिजोरीत, दागिन्यांशेजारी ठेवल्या होत्या. मोठ्या अभिमानानं त्यांनी ते गाठोडं बाईंपुढे सोडलं. बाईंनी एक फ्लॉपी उचलून उजेडात धरली. आतल्या चकतीवर पांढरी बुरशी चढली होती. आमच्याकडची हवा ही अशी, पापडाला सोडत नाही तर फ्लॉपीला काय सोडणार. बाई म्हणाल्या, "शेठ, लोणच्यावर ही आली असती तर तुम्ही बरणी फेकून दिली असती. ही तुम्ही तिजोरीत ठेवलीत." शेठ दोन दिवस बाईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्षाचं काम देऊन गेले. त्यांच्याच औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या बाईंनी मागून घेतल्या आणि पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फ्लॉप्यांच्या डब्यात एकेक घातली.

बाईंची पद्धत अशी: एक प्रत दुकानात, दुसरी मालकाच्या घरी आणि तिसरी गावाबाहेर. ती तिसरी गव्हाणला राहायची. कोणाकडे? चांगुणाबाईकडे. चांगुणाबाई रोज सकाळी गव्हाणहून एसटीनं मासळी घेऊन बाजारात यायची. प्रधानबाई जातीच्या मासे खाणाऱ्या, त्यामुळे दोघींची मैत्री पापलेटाच्या भावावरून भांडता भांडता झालेली. दर शनिवारी ताज्या फ्लॉप्यांचा स्टीलचा डबा चांगुणाबाईच्या हाती गव्हाणला जायचा आणि गेल्या आठवड्याचा परत यायचा. बाई त्याला माहेरवाशीण म्हणायच्या. परत आलेल्या डब्याला सुक्या बोंबलाचा वास यायचा, आणि मी त्यावरून बाईंना छेडलं की त्या म्हणायच्या, "वास येऊ दे, मास्तर. एका पुरात भिजणार नाही आणि एका आगीत जळणार नाही इतकी लांब राहिली म्हणजे झालं."

बाईंची सगळ्यात लाडकी गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या गॅस एजन्सीच्या विमलताई घरत. विमलताईंचे यजमान सैन्यात होते. ते गेल्यावर सरकारकडून त्यांना ही एजन्सी मिळाली. दहावी झालेली, गावातून आलेली बाई, शांत, कष्टाळू, पण यंत्राला भिणारी. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या भोईर नावाच्या कारकुनाच्या पाठीमागे उभी राहून बोलायची, जवळ जायची नाही.

तेव्हाची गॅसची गोष्ट आजच्या पोरांना खरी वाटणार नाही. नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. लग्नात लावलेला नंबर बारशाला लागला तर नशीब समजत. त्या प्रतीक्षायादीत शिक्षक होते, नर्स होत्या, रॉकेलच्या स्टोव्हवर डोळे चोळत स्वयंपाक करणाऱ्या शेकडो बायका होत्या. ती यादी विमलताईंच्या कॉम्प्युटरमध्ये होती. वशिल्याचे फोन रोज यायचे आणि विमलताई एकच उत्तर द्यायच्या, नंबरानं येईल. त्यांच्या एजन्सीची अब्रू या एका वाक्यावर उभी होती.

एका सोमवारी सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी असताना, बाई एजन्सीत शिरल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. "जळलं," त्या म्हणाल्या. "सगळं ऑफिस जळलं. मी गिऱ्हाईक आहे, माझा सिलिंडर कधी येणार?" भोईरनं घाईघाईनं रजिस्टर ओढलं. बाई त्या रजिस्टरवर बसल्या आणि म्हणाल्या की हेही जळलं. विमलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रांगेतल्या लोकांना वाटलं बाईंना वेड लागलंय. मी गॅलरीतून बघत होतो, मलाही तेच वाटलं.

पण त्या रंगीत तालमीतून एक पुठ्ठा तयार झाला. ऑफिस गेलं तर बसायचं कुठे, गोडाऊनला निरोप कोणी द्यायचा, गव्हाणला कोणी जायचं, नक्कल कोणाच्या यंत्रावर उघडायची, हे सगळं त्यावर ठळक अक्षरात. बसायच्या जागेपुढे "मास्तरांचा वर्ग" असं लिहिलं होतं. मला विचारलं तेव्हा मी हसत हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं, जळणार थोडंच होतं. पुठ्ठा माझ्याच दारामागे खिळ्याला लटकला, कारण बाईंच्या म्हणण्याप्रमाणे जळणाऱ्या घरात बंबाचा पत्ता लिहून ठेवणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत.

मग दसरा आला. विमलताईंच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या घरी दसऱ्याला विळाकोयत्यापासून मिठागरातल्या फावड्यापर्यंत सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजायची रीत. आता सुनेचं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर, तेव्हा त्याची पूजा हवी. इथवर ठीक. पण म्हातारीला कोणीतरी सांगितलं होतं की या यंत्रातली लक्ष्मी तीन ठिकाणी वाटून ठेवलीय. लक्ष्मी वाटलेली तिला चालेना. तीनही डबे एका पाटावर आणायचे, एकत्र पुजायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचे नाहीत. विमलताईंनी घरची प्रत ऑफिसात आणलीसुद्धा. गव्हाणचा डबा आणायला बाई तयार होईनात.

सासूबाई स्वतः जिना चढून वर आल्या. त्यांनी बाईंना बाईंच्याच शब्दात पकडलं. "तुमी तिला माहेरवाशीण बोलता ना? मंग सनाला लेकीला घरी आनीत नाय काय?"

बाईंनी आधी त्यांना खुर्ची दिली, मग म्हणाल्या, "आजी, देव गव्हाणलाही आहे. तिची पूजा तिकडेच करू." म्हातारी पुटपुटत जिना उतरली. बाईला देवाधर्माचं काही नाही, असं दोन दिवस बाजारभर झालं. बाईंनी चांगुणाबाईला हळदकुंकवाची पुडी दिली आणि डबा उघडायचा नाही, झाकणावरच बोट टेकवायचं, असं बजावलं.

दसऱ्याला दुपारी पूजा झाली. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, फ्लॉप्यांच्या दोन डब्यांना हार, जुन्या रजिस्टरांना हार. समई लावली. लावलेली समई मालवायची नाही म्हणून तशीच तेवत ठेवून ऑफिसला कुलूप घातलं आणि सगळे सोनं वाटायला गेले. पडदा होता, कागदी पताका होत्या, वरचा पंखा कोणी बंद केला नव्हता. दिवेलागणीच्या सुमारास खिडकीतून धूर येऊ लागला. बंब आला तोवर आत काही उरलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा विमलताई रस्त्यावर उभ्या होत्या, हातात आपट्याची पानं तशीच. सासूबाई दुकानाच्या फळीवर बसून स्वतःच्या कपाळावर मारून घेत होत्या. प्रधानबाई आल्या. आत कोणी नाही ना, एवढं विचारलं. सिलिंडर सगळे कोन गावाजवळच्या गोडाऊनमध्ये आहेत ना, हे विचारलं. मग म्हातारीचा हात धरून तिला थांबवलं आणि सगळ्यांना घरी जाऊन जेवायला सांगितलं. सकाळी मास्तरांच्या वर्गात भेटू, म्हणाल्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली.

सकाळी मी वर्गात पोचलो तर माझी मशिनं भिंतीला लावलेली, दाराबाहेर एजन्सीचा बोर्ड खडूनं लिहिलेला आणि बाईंचं यंत्र टेबलावर. विमलताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. रात्रभर रडून आवाज बसला होता. मला म्हणाल्या, "मास्तर, माणूस गेला त्याच्या बदल्यात मला हे दिलंय. हे पन हातातून गेलं तर मी कुनाच्या तोंडाकडे बघू?" ही भीती उगाच नव्हती. नोंदी नाहीत म्हटल्यावर गॅस कंपनी एजन्सी बंद ठेवू शकत होती, दुसऱ्याला देऊ शकत होती. कंपनीचे साहेब दुपारी येणार असा निरोपही आला होता.

साहेबांच्या आधी दुसरेच पाहुणे आले. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता, पांढरे कपडे, हातात टाइप केलेला कागद. झाल्या प्रकाराबद्दल त्यानं हळहळ व्यक्त केली. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला की जुनी यादी देवाच्या मर्जीनं गेली, आता नव्यानं नंबर लावावे लागणार, तर सुरुवात या नावांनी करावी. विमलताईंच्या हातात त्यानं कागद ठेवलाही. खाली रस्त्यावर नंबरवाले जमले होते. त्यांनाही कळून चुकलं होतं की आपली पाच-सहा वर्षं काल जळाली. एक निवृत्त गुरुजी पायरीवर नुसते बसून राहिले होते. त्यांचा नंबर लागायला आलेला होता.

बाई म्हणाल्या, "बसा ना. चहा घेऊन जा." त्याला वाटलं काम झालं. तो बसला.

तेवढ्यात खाली गोडाऊनचा टेम्पो वाजला. पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे भोईर पहाटेच गव्हाणला गेला होता. पण टेम्पोतून भोईरच्या आधी चांगुणाबाई उतरली, मांडीवरचा डबा छातीशी धरून. वर येऊन तिनं तो बाईंच्या हातात दिला. "हा मागत होता," भोईरकडे बोट दाखवून ती म्हणाली. "कुनाच्या हातात देऊ नको असं तुमीच सांगलंय. मंग मीच आले." झाकणावर हळदकुंकू होतं.

बाईंनी पहिली फ्लॉपी घातली. यंत्र घर्र घर्र करू लागलं. दुसरी, तिसरी. मधल्या एका फ्लॉपीवर ते अडकलं. नुसतीच घरघर, पडद्यावर काही नाही. विमलताईंनी डोळे मिटले. मी देवाधर्मातला नाही, पण त्या वेळी मी गणपतीला हात जोडले, आणि तेही कॉम्प्युटरसाठी. बाईंनी फ्लॉपी बाहेर काढली, पदरानं कडा पुसली, पुन्हा घातली. घरघर थांबली आणि यंत्रानं पुढची मागितली. शेवटची आत गेली आणि पडद्यावर नावं सरसरत वर जाऊ लागली. शनिवारनंतरचं थोडं राहिलं होतं, ते टेम्पोवाल्यांकडच्या पावत्यांवरून भोईर भरायला बसला.

"छापा," बाई म्हणाल्या.

प्रिंटर कर्रकर्र ओरडू लागला. तेव्हा कागद सलग असायचा, घडीवर घडी. बाईंनी तो फाडला नाही. टोक धरून त्या गॅलरीत गेल्या आणि कठड्यावरून खाली सोडू लागल्या. कागद लुगडं वाळत घालावं तसा रस्त्यापर्यंत लोंबला, मग रस्त्यावरही पसरला. खालची माणसं आधी बघतच राहिली. मग कोणीतरी आपलं नाव वाचलं. मग दुसऱ्यानं. माझं हाय, माझं पण हाय, असा गलका उठला. लोक कागद हातांवर तोलून धरून वाचत होते, फाटू नये म्हणून एकमेकांना दटावत होते. गुरुजी पायरीवरून उठले, चष्मा लावला, सगळ्यात वरच्या भागात आपलं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवून तसेच उभे राहिले. खालच्या भागातून एक पोरगेली बाई ओरडली, "अरे, यात मघाशी वर गेलेल्या पांढऱ्या कपडेवाल्याचं पण नाव हाय. लय खाली हाय." रस्ता हसला. कार्यकर्त्यानं चहा अर्धा टाकला, विमलताईंच्या हातातून आपला कागद काढून घेतला आणि मागच्या जिन्यानं गेला.

त्या सकाळी मला जो आनंद झाला तसा स्वतःच्या मुलाच्या निकालालाही झाला नाही, हे मी सरळ कबूल करतो. दुपारी कंपनीचे साहेब आले तेव्हा सिलिंडरांचा पहिला टेम्पो घरोघरी पोचवून रिकामा परत आला होता. साहेबांनी जळकं ऑफिस बघितलं, माझा वर्ग बघितला, चहा घेतला आणि एजन्सी चालू ठेवायला कुठे सही करायची ते विचारलं. सासूबाईंनी चांगुणाबाईला खणानारळानं ओटी भरून परत पाठवलं.

सगळा बाजार बाईंचं कौतुक करत होता, आणि बाई संध्याकाळी माझ्या वर्गात पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आपण नापास झालो."

मला वाटलं थकव्यानं बोलतायत. मी म्हटलं, अहो, अख्खं पनवेल तुमचं नाव घेतंय.

"तेच म्हणतेय. माझंच नाव घेतंय. काल मला ताप आला असता तर? आज मी उरणच्या एसटीखाली आले असते तर? नकला सगळ्यांच्या ठेवल्या, माझी कुठाय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विमलताईंना यंत्रासमोर बसवलं. शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची. त्या विमलताईंकडे पाठ करून बसायच्या, शेंगदाणे खायच्या आणि मागे वळायच्या नाहीत. विमलताई घाबरून हाक मारायच्या, बाई म्हणायच्या, "मी वारले आहे." पहिले काही दिवस त्या खोलीतून रडण्याचा आवाज यायचा. मग चिडण्याचा यायला लागला. मग एकदा विमलताईंनी भोईरला काहीतरी फाडफाड सुनावल्याचा आला, तेव्हा बाई भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल अशा समाधानानं खोकल्या.

पुढच्या उन्हाळ्यात प्रधानसाहेबांची गुजरातेत बदली झाली आणि बाई पनवेल सोडून गेल्या. ऑफिसची किल्ली द्यायला आल्या होत्या, निरोपाचं बोलणंही झालं. पण मला त्या शेवटच्या आठवतात त्या थोड्या आधीच्या, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यातल्या.

लग्नाचा हॉल, दुपारची वेळ, पुढे शेठलोक, मागे पंख्याखाली आम्ही. आगीनंतर धंदा कसा उभा केला हे विमलताईंनी सांगायचं होतं. सुरुवातीला त्या कागदावरून वाचत होत्या, अगदी शाळेतल्यासारखं. मग कागद बाजूला ठेवला आणि बोलू लागल्या. नक्कल कुठे ठेवायची, कधी उघडून बघायची, तालीम का करायची. मेहताशेठ मान डोलावत होते. टाळ्या झाल्या. कोणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्ष म्हणाले. सगळ्यात शेवटच्या रांगेतून प्रधानबाई उभ्या राहिल्या. पुढच्या लोकांनी वळून बघितलं. त्यांना वाटलं बाई आता शाबासकी देणार.

बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सारखं बाईंनी केलं, बाईंनी केलं म्हणताय. समजा त्या दिवशी ती बाईच नसती, तर?"

प्रश्न मला स्वतःला कठोर वाटला. विमलताईंनी माइक थोडा बाजूला सारला. पदर सारखा केला नाही, घसा साफ केला नाही.

"मंग मी हाय ना, बाई," त्या म्हणाल्या.

बाई बसल्या, आणि शेजारच्या, कधी ओळखदेख नसलेल्या कापडवाल्याच्या मांडीवर सणसणीत थाप मारून म्हणाल्या, "चला, आता मी मरायला मोकळी." तो बिचारा सरकून बसला.